मरून राहिलं

“बाई, तुम्ही दिसता तर मास्तरणीसारख्या, मग इतके खून कुठून आणता?” हा प्रश्न मला जाईन तिथं भेटतो. मी मास्तरीणच होते, तेव्हा दिसण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण खून कुठून आणता म्हणजे काय? मेथीची जुडी आहे का ती, बाजारातून आणायला? मग दुसरा कुणीतरी उठतो, बहुधा पहिल्या रांगेतला, आणि घसा साफ करून विचारतो, “मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवलंत, रहस्यकथा लिहिल्यात. तुमचा विश्वास देवावर की विज्ञानावर?” त्याच्या मते मी एकाचं नाव घेतलं की दुसरं आपोआप खोटं पडणार. मी काहीबाही बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर द्यायचं तर मला त्या सगळ्या मंडळींना वारंगा फाट्यावर न्यावं लागेल, आणि तिथं नेलं तर त्यांना कार्यक्रमानंतरचा चहा जाणार नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची. हिंगोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही सगळे परभणीत मोडायचो. माझं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याजवळ. नोकरी मात्र कळमनुरीच्या बाजूला एका खेड्यात, शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्या कपाटाला कुलूप नव्हतं कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं.

आमचं घर बौद्धांचं. दीक्षा घेतली त्या वर्षी माझ्या वडलांनी, दादा म्हणायचो आम्ही त्यांना, देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घातले आणि ओढ्याच्या डोहात सोडून दिले. घरी येऊन म्हणाले, “आजपून या घरात आन-भाक, नवस-सायास बंद. जे हाय ते हाय, जे न्हाई ते न्हाई.” पुढं आमच्यापैकी कुणी चुकून “देवाशपथ” म्हटलं की दादा हातातलं काम थांबवून विचारायचे, “काहून? नुस्तं सांगितलं तर खोटं होतं का?” या प्रश्नाला आमच्यापैकी कुणालाच कधी उत्तर सापडलं नाही. मी विज्ञानाकडं वळले ते बहुतेक त्यामुळंच.

त्या हिवाळ्यात आमच्या सगळ्या भागात एक आवई उठली होती. निजामाच्या काळातलं धन कुठंतरी पुरलेलं आहे, आणि ते वर यायला लेकराचं रक्त मागतं. कुठं, कुणाच्या शेतात, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण लेकरं धरणारी माणसं फिरून राहिली, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं माहीत होतं. कुणाच्या मावशीच्या गावात म्हणे एक पोरगं गेलं. त्या मावशीच्या गावात जाऊन विचारलं तर तिथले लोक तुमच्याच गावाचं नाव सांगायचे. बायकांनी लेकरं घरात कोंडली. शाळेतले वर्ग निम्मे झाले. गड्यांनी काठ्यांना तेल लावलं.

आणि तेल लावलेली काठी नुसती ठेवून भागतं का? माझ्या शाळेच्या गावात दरसाल एक बहुरूपी यायचा, पोलिसाचं सोंग घेऊन, पोरासोरांना हसवून पायलीभर ज्वारी घेऊन जायचा. सगळं गाव त्याला ओळखत होतं. त्या वर्षी तो आला, एका पोराच्या गालाला हात लावला, आणि लोकांनी त्याला पारावर पालथा पाडून मारलं. हात मोडला त्याचा, कोपरापाशी, वाळक्या फांदीसारखा आवाज झाला. मग कुणीतरी म्हणालं, “आरं, हा तर आपला बहुरूपी!” लगेच त्याच माणसांनी त्याला उचललं, हळद लावली, दूध पाजलं, हाताला कामट्या बांधल्या. तो रडत होता आणि ते त्याला समजावत होते, “गैरसमज झाला गड्या, मनावर घेऊ नको.” मी शाळेच्या दारातून हे सगळं बघितलं. मार बघून भ्याले होतेच, पण त्याहून जास्त भ्याले ते दूध बघून.

त्यानंतर काही दिवसांनी मी नांदेडला निघाले होते. सकाळची वेळ, पौषातली थंडी, तोंडातून वाफा निघत होत्या. वारंगा फाट्यावर गाडी बदलायची. फाटा म्हणजे तेव्हा चार टपऱ्या, एक हॉटेल, पंक्चरचं दुकान आणि उभे ट्रक. हॉटेलातल्या आमच्यासाठीच्या कपांचे कान तुटलेले असायचे आणि ते बाहेर खिळ्याला टांगलेले असायचे, म्हणून मी तिथं चहा घ्यायची नाही. रस्त्याच्या या बाजूला लिंबाखाली एका दगडावर बसायची. त्या दिवशीही तशीच बसले होते.

माझ्यापासून थोड्या अंतरावर एक मेंढपाळ बसलेला होता. तरणा होता. डोक्याला पटका, कमरेला लोकर कातरायची कातर खोचलेली, आणि मांडीवर घोंगड्यात गुंडाळलेलं लेकरू. त्याच्या धोतराला रक्ताचे डाग होते. मेंढरं पाळणाऱ्याच्या धोतराला असतात तसे. आदल्या रात्री एक मेंढी अडली होती, ती त्यानं मोकळी केली होती, हे मला त्याच्या बायकोनं पुढं सांगितलं. लेकराच्या कपाळाला कुंकवाचा मळवट होता. बापाची नजर सारखी रस्त्यावर, नांदेडच्या गाडीच्या वाटेकडं.

तेवढ्यात हॉटेलातून चहा पिऊन एक पाहुणा बाहेर आला. पुण्याकडचा असावा, औषधं विकत गावोगाव फिरणाऱ्यांपैकी. टेरिलीनचा शर्ट, वर कोट, चामडी बॅग, पायात चकचकीत बूट. माणूस वाईट नव्हता. हे मला मुद्दाम सांगायला पाहिजे, कारण माझा त्याच्यावरचा राग अजून पुरता उतरलेला नाही. त्याला ते निपचित लेकरू दिसलं आणि त्यानं आपणहून, मायेनं चौकशी केली.

“काय झालंय बाळाला?”

“मरून राहिलं जी,” मेंढपाळ म्हणाला.

पाहुण्याचा चेहरा पडला. “अरे देवा! कधी?”

“रातच्यापून. आता तर डोळं बी उघडंना.”

आता हे ज्याला आमची बोली माहीत नाही त्याला नीट सांगते. आमच्याकडं ‘जेवून राहिलो’ म्हणजे जेवतोय, ताट अजून पुढ्यात आहे. ‘येऊन राहिलो’ म्हणजे वाटेत आहे. आणि ‘मरून राहिलं’ म्हणजे मरतंय, अजून जीव आहे, हातपाय हलवा, काहीतरी करा. बाप मदत मागत होता. पण पुण्याच्या कानाला ते कसं ऐकू जाणार? मरून, राहिलं. मेलं, आणि तसंच राहिलं. रात्रीपासून.

पाहुणा मागं सरकला. त्याची नजर कातरीवर गेली, मग धोतरावरच्या रक्तावर, मग कुंकवाच्या मळवटावर. तो वळला आणि हॉटेलाच्या दारातल्या लोकांना मोठ्यानं म्हणाला, “अहो, त्या माणसाजवळ मेलेलं मूल आहे! रात्रीच मेलंय म्हणतो! आणि रक्त बघा त्याच्या अंगावर!”

मी उठले. “तसं न्हाई हो!” म्हणून ओरडलेही. पण एक ट्रक गिअर बदलत मधून गेला, आणि तो जाईस्तोवर रस्त्याच्या त्या बाजूची माणसं या बाजूला आली होती.

मला आजही कळत नाही, आणि कळत नाही म्हणून मी लिहीत बसते, की त्या माणसांना ऐकू कसं गेलं नाही. ती सगळी आमच्याच भागातली. ‘मरून राहिलं’ ही त्यांच्या आयांची भाषा. मेंढपाळ तर पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, “मरून राहिलं जी, माझं लेकरू मरून राहिलं, गाडी कवा येती?” पण त्यांनी त्याचं ऐकलंच नाही. त्यांनी टेरिलीनच्या शर्टाची मराठी ऐकली. शिकलेला माणूस, तो कशाला खोटं बोलेल?

“घोंगडं वढ!” कुणीतरी म्हणालं.

घोंगडं ओढलं. लेकरू जमिनीवर आलं आणि घोंगड्यातली गाठोडी सुटली. त्यातून एक लिंबू घरंगळलं. नारळ निघाला. कुंकवाची पुडी फुटली आणि पांढऱ्या मातीवर लाल फराटा उमटला. औंढ्याच्या नागनाथापुढचं कुंकू होतं पुडीत, दृष्टीचं लिंबू होतं, नवसाचा नारळ होता; लेकरू बरं झालं की नारळ फोडायला येतो, असं देवाला कबूल करून बाप त्याला डाक्टरकडं घेऊन निघाला होता. दोन्ही दरवाजे ठोठावत होता बिचारा. पण बघणाऱ्यांना काय दिसलं? लिंबू, कुंकू, हत्यार, रक्त आणि निपचित पोर.

पुढं मी रहस्यकथा लिहायला लागले तेव्हा पुरावे मांडायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण माझ्या कादंबरीत पाच पुरावे एका माणसाकडं बोट दाखवत असले की वाचक म्हणतो, झालं, खुनी सापडला. त्या दिवशी पाचही पुरावे खरे होते. लिंबू खरं, कातर खरी, रक्तही खरंच. आणि त्यांची बेरीज निव्वळ खोटी होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण सहज म्हणून जातो. तिथं मोडली ती फांदी नव्हती.

पहिला फटका हॉटेलवाल्यानं मारला. भट्टीतलं जळतं लाकूड घेऊन आला होता, ते त्यानं मेंढपाळाच्या खांद्यावर आदळलं. ठिणग्या उडाल्या, पटका जळाल्याचा वास आला. मेंढपाळ पळाला नाही. पळाला असता तर कदाचित वाचला असता. तो लेकरावर पालथा पडला, दोन्ही कोपरं टेकून, खाली लेकरू झाकून. त्यावर लोक आणखी चवताळले. “बघा, मुडदा सोडंना! धनाचा लोभ बघा!” पंक्चरवाला टायर काढायची पहार घेऊन आला. कुणी चपलेनं मारत होतं, कुणी दगडानं. एक म्हातारा होता, चांगला माळकरी, तो मारत नव्हता, पण प्रत्येक फटक्याला “अजून! अजून!” म्हणत होता. पहार पाठीत बसली तेव्हा मेंढपाळाच्या तोंडून आवाज निघाला नाही, नुसता वारा निघाला. मग कुणीतरी त्याचे पाय धरून त्याला लेकरावरून ओढून काढलं, आणि पहार डोक्यात बसली.

मी कोपरानं, नखानं, दातानं वाट काढत आत शिरले. एकाच्या दंडाला मी कडकडून चावले, मला तोंडात खारट लागलं. लेकरापाशी बसले. अंग गार, ओठ सुकून पापुद्रे आलेले, डोळे अर्धे उघडे आणि खोल गेलेले. नाडी माझ्या बोटांना लागेना. मग मी डोळ्यावरचा चष्मा काढला, थंडीनं काच बर्फ झाली होती, ती लेकराच्या नाकापाशी धरली.

काचेवर वाफ आली. एवढीशी, ज्वारीच्या दाण्याएवढी. पण आली.

“जित्तं हाय!” मी किंचाळले. “लेकरू जित्तं हाय! हे बघा, श्वास हाय, वाफ आली बघा काचेवर!” मी तो चष्मा हातात उंच धरून एकेकाच्या तोंडापुढं नाचवला. शाळेत पोरांना दाखवायची तसा. हाच प्रयोग मी सातवीच्या वर्गात घेतला होता, उच्छ्वासात बाष्प असतं म्हणून, आणि पोरं खूश झाली होती. इथं पहार धरलेल्या माणसानं काचेकडं बघितलं. त्यानं वाफ पाहिली. त्यानं ती पाहिली, हे मी पाहिलं. आणि तरी त्यानं पहार पुन्हा उचलली, कारण एवढं मारल्यावर लेकरू जिवंत निघणं आता त्याला परवडणार नव्हतं. कुणाचा तरी धक्का लागला, चष्मा पडला आणि पायांखाली गेला. माझं सगळं विज्ञान तिथं कुंकवात चुरा होऊन पडलं.

मग मी काय केलं, तर मेंढपाळाच्या डोक्यावर माझे दोन्ही हात पसरले आणि माझ्या घरात ज्याला बंदी होती ते बोलले.

“नागनाथाची आन हाय तुमाला! जो याला हात लावंल त्याला औंढ्याच्या नागनाथाची आन हाय! वंशाला दिवा ऱ्हाणार न्हाई त्याच्या!”

पहार थांबली. वरच्या वर थांबली. कुणाच्या हातातला दगड खाली पडल्याचं मला ऐकू आलं. नुसती माणसांची धाप ऐकू येत होती आणि तोंडांतून वाफा. मला त्या वाफा आजही दिसतात. सगळे जिवंत होते, एवढं त्यावरून सिद्ध होत होतं.

पण हॉटेलवाला मला ओळखत होता. तुटक्या कानाचा कप नाकारणारी मास्तरीण त्याच्या चांगली ध्यानात होती. तो म्हणाला, “ए बाई! तुमी कवापून नागनाथाला मानाया लागले? तुमी तर देव नदीत सोडले ना? तू कशाची आन घालती?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या हाताखाली त्या माणसाचं डोकं होतं, बोटांमधून ऊन ऊन रक्त येत होतं. मला इतका संताप आला की भीती जळून गेली.

“मी न्हाई मानत,” मी म्हणाले. “माझा न्हाई तो. तुमचा हाय ना? मंग आन तुमाला लागंल, मला न्हाई! मार! मार की आता! हाय हिंमत?”

कुणी मारलं नाही. पंक्चरवाल्यानं पहार धोतराला पुसली आणि तो दुकानात निघून गेला. माळकरी म्हाताऱ्यानं कानांना हात लावले. बघता बघता गर्दी अशी पांगली की मागं फक्त आम्ही उरलो, आणि हॉटेलातून कपबशांचा आवाज यायला लागला.

एका सरदारजीचा ट्रक नांदेडकडं निघाला होता. तो स्वतः खाली उतरला, शिव्या देत देत, आणि मेंढपाळाला एकट्यानं उचलून मागं ताडपत्रीवर ठेवलं. “बैठो बहनजी, जल्दी!” म्हणाला. मी चढले. आणि तो टेरिलीनचा शर्टवाला पाहुणाही चढला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं लेकरू मांडीवर घेतलं, आपला कोट त्याच्याभोवती गुंडाळला आणि रुमाल पाण्यात भिजवून थेंब थेंब त्याच्या ओठांवर पिळायला लागला. “त्यानंच सांगितलं हो मला, मेलं म्हणून,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “माझ्या कानांनी ऐकलं.” मी त्याला म्हणाले, “आग लागो तुमच्या कानांना!” दुसरं काय म्हणणार होते?

मेंढपाळाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एका कानातून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं, माझं लुगडं जड झालं होतं. नांदेड अजून लांब होतं. वाटेत एके ठिकाणी ट्रक खड्ड्यातून आदळला, आणि त्या हिसक्यानं त्याचे डोळे उघडले. त्यानं मान हलवायचा प्रयत्न केला. हलली नाही.

“लेकरू?” तो म्हणाला.

मी पाहुण्याकडं बघितलं. पाहुण्यानं लेकराच्या नाकापाशी बोट धरलं, पण ट्रकचा वारा इतका होता की त्यालाही काही कळेना. त्यानं माझ्याकडं बघून नुसते खांदे पाडले. माझा चष्मा फाट्यावर फुटला होता, मला तर लेकराचा चेहराही धड दिसत नव्हता. माझ्याजवळ काही पुरावा नव्हता. तरी मी त्या माणसाच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले,

“जगून राहिलं. तुमचं लेकरू जगून राहिलं.”

त्याचे डोळे उघडेच राहिले. त्यानं ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. पुढचं गाव यायच्या आत तो गेला होता.

दवाखान्यात लेकराच्या पायाला शीर सापडेपर्यंत डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. पण सापडली. बाटलीतलं सलाईन थेंब थेंब आत गेलं, आणि दुपार कलायच्या आत ते लेकरू रडलं. डॉक्टर म्हणाले, “जुलाबानं अंगातलं पाणी संपलं होतं, बाकी काही नाही. वेळेवर आणलंत.” वेळेवर! पाहुणा दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडत होता. मला त्याची कीव आली नाही. आता कधी कधी येते.

पोलिसांनी विचारलं तेव्हा फाट्यावरच्या एकाही माणसानं काही पाहिलेलं नव्हतं. सगळे म्हणे त्या वेळी चहा पीत होते. मी जबाब दिला, पहार सांगितली, जळतं लाकूड सांगितलं, मारणारी माणसं एकेक करून दाखवली. काय झालं? कपाळ माझं! पुढच्या खेपेला फाट्यावर उतरले तर हॉटेलवाला स्वतः चहा घेऊन रस्ता ओलांडून आला. धड कानाच्या कपात. “लई वाईट झालं बाई,” म्हणाला. मला त्या बहुरूप्याचं दूध आठवलं. मी कप घेतला आणि त्याच्या पायांपुढं मातीत उपडा केला.

त्यानंतर मी गावी गेले. आन घातल्याची गोष्ट माझ्या आधी घरी पोचली होती. दादा अंगणात दोर वळत बसले होते. मी समोर बसले. 

“नागनाथाची आन घातली म्हणं,” ते म्हणाले.

“व्हय.”

“आदी चष्म्याची वाफ दाखवली म्हणं.”

“दाखवली. कुणी ऐकलं न्हाई, दादा.”

त्यांनी दोराला पीळ दिला, पुन्हा दिला. त्यांचा जबडा हलत होता. मला वाटलं, आता बोलणी बसणार. घरातले टाक डोहात सोडणारा माणूस तो, त्याच्या लेकीनं भर रस्त्यात देवाच्या नावानं शाप दिला होता.

“लेकरू जित्तं व्हतं ना पण?” त्यांनी विचारलं.

“व्हतं.”

“मंग बराबर केलं,” ते म्हणाले. “देव न्हाई. पण लेकरू व्हतं.” आणि मग इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, “त्याच्या बापाला कळलं का, जित्तं हाय म्हणून?”

ते मला ठाऊक नव्हतं, आणि तेच मला आतून कुरतडत होतं. मारणाऱ्यांना शिक्षा झाली नाही याचा संताप होताच. पण रात्री झोपेतून दचकून उठवायचा तो दुसराच विचार. तो माणूस लेकरू मेलं असं समजून गेला की काय? जमावानं जे ओरडून सांगितलं, ‘मुडदा, मुडदा’, तेच त्याच्या कानात शेवटचं राहिलं की काय? मी बोलले ते तरी खरं होतं का? पुढं खरं ठरलं, ही गोष्ट वेगळी. ज्या क्षणी बोलले त्या क्षणी मला काही माहीत नव्हतं. आयुष्यभर पोरांना शिकवलं की बघितल्याशिवाय सांगू नका, आणि मरणाऱ्या माणसाला मी न बघता सांगितलं होतं. लोक त्याला श्रद्धा म्हणत असतील तर म्हणोत. मला तेव्हा दुसरं काही बोलताच आलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात मेंढरं पुन्हा आमच्या बाजूला आली. शाळेजवळच्या रानात खतासाठी बसवली होती. शाळा सुटल्यावर एक बाई दारात येऊन उभी राहिली, काखेत टोपली, कपाळ मोकळं. मेंढपाळाची बायको ती; मी तिला दवाखान्यात पाहिलं होतं, पण तेव्हा आम्ही दोघी बोलण्यासारख्या नव्हतो. ती सरळ मुद्द्यावर आली.

“बाई, तुमच्या मांडीवर गेला ना तो? काही बोलला का?”

“लेकराचं इचारलं,” मी म्हणाले.

“मंग?”

“मी म्हणलं, जगून राहिलं.” आणि मग वर्षभर कुणाला बोलले नव्हते ते तिच्यापुढं बोलले. “पण त्यांना ऐकू गेलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई. कानातून रक्त येत व्हतं. समजलं का न्हाई, देव जाणे.” देव जाणे! माझ्याच तोंडून निघालं.

ती रडली नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी वर्गातल्या ढ पोराकडं बघते.

“ ‘जगून राहिलं’ म्हणल्या ना तुमी? असंच म्हणल्या ना, आपल्या बोलीत?”

“व्हय.”

“मंग समजलं त्याला,” ती म्हणाली. “त्याला काहून समजणार न्हाई? त्याचीच तर बोली हाय.”

एवढं बोलून तिनं रानाकडं वळून लेकराला हाक मारली. ते एका कोकराचं शेपूट धरून, पडत, उठत, आमच्याकडं येऊन राहिलं होतं.